श्वानपथक दारी येण्यापूर्वी

(सुवर्णमहोत्सवानिमित्त झालेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)



सुवर्णमहोत्सवासारख्या मंगल प्रसंगी एका निवृत्त पोलीस अधिकाऱ्याने काय बोलावे, हा प्रश्न संयोजकांनीच सोडविला. "आपण कुत्र्यांविषयी बोला आणि चोऱ्यांविषयी बोला, बाकीचे बोलणारे पुष्कळ आहेत," असे त्यांनी मला सांगितले. त्यांची आज्ञा प्रमाण मानून मी उभा आहे.

घरफोडीची बातमी आपण सारेच वर्तमानपत्रात वाचतो. तिच्या शेवटी एक ठरलेले वाक्य असते. श्वानपथकास पाचारण करण्यात आले. मात्र श्वान मुख्य रस्त्यापर्यंत जाऊन तेथेच घुटमळले. वाचणारा किंचित हसतो आणि पान उलटतो. या घुटमळण्याविषयीच मला आज थोडे सविस्तर बोलावयाचे आहे, कारण त्याचा उगम पुष्कळदा कुत्र्याच्या नाकात नसून आपल्याच घरात असतो.

प्रथम या प्राण्याची ओळख करून घेऊ. पोलीस दलातील प्रत्येक श्वानाचे काम ठरलेले असते. माग काढणारा श्वान वेगळा, स्फोटके शोधणारा वेगळा, अमली पदार्थ हुडकणारा वेगळा. पुण्याच्या शिवाजीनगर येथील प्रशिक्षण केंद्रात महाराष्ट्र पोलिसांचे श्वान तयार होतात. श्वान आणि त्याचा हस्तक ही जोडी तेथे एकत्र शिकते आणि पुढे वर्षानुवर्षे एकत्र काम करते. या शिक्षणात मारझोड नसते, हे आपल्या समाजाला मी मुद्दाम सांगतो. आवडता चेंडू आणि हस्तकाची शाबासकी, एवढ्यावर हा प्राणी जिवाचे रान करतो. मुंबईच्या बॉम्बशोधक पथकातील 'जंजीर' नावाचा लॅब्राडोर आपल्यापैकी अनेकांच्या स्मरणात असेल. १९९३ च्या मार्चमधील बॉम्बस्फोटांनंतर त्याने तीन हजार किलोहून अधिक आरडीएक्स शोधून दिले. २००० साली हाडांच्या कर्करोगाने तो गेला, तेव्हा पोलीस दलाने त्याला मानवंदना दिली. २००८ च्या नोव्हेंबरमधील हल्ल्यात छत्रपती शिवाजी टर्मिनसवर अतिरेक्यांनी मागे टाकलेले हातबॉम्ब 'सीझर' या श्वानाने दाखवून दिले. असे असूनही जंजीरला आपल्या घरातील चोर शोधावयास सांगितले असते, तर ते त्याचे काम नव्हे.

चोराचा माग काढणारा श्वान नेमके काय हुंगतो? माणूस चालतो, तेव्हा त्याच्या त्वचेचे अतिसूक्ष्म कण सतत गळत असतात. घामाचा अंश त्यांत मिसळतो. पायाखाली माती दबते, गवत चिरडते, त्याचाही एक वास उठतो. माणसाच्या नाकात गंध टिपणाऱ्या पेशी सुमारे ६० लाख धरल्या, तर श्वानाच्या नाकात त्या वीस कोटींहून अधिक असतात. सावलीत, ओलसर मातीवर हा गंध काही तास टिकतो. तापलेल्या डांबरी रस्त्यावर तो लवकर विरतो, वाऱ्याने पांगतो, आणि त्याच वाटेवरून शंभर पावले गेली की एका पावलाचा गंध वेगळा काढणे कठीण होऊन बसते.

आता आपल्या घरी काय घडते ते पाहा. सेवेच्या काळात हे दृश्य मी इतक्या वेळा पाहिले आहे, की पत्ता बदलला तरी चित्र तेच. कुटुंब लग्नाहून किंवा यात्रेहून पहाटे परतते. कडीकोयंडा उचकटलेला. एकच आरडाओरडा होतो. दहा मिनिटांत शेजारी जमतात, अर्ध्या तासात सारी गल्ली घरात असते. थोरले काका कपाट उघडून काय गेले, काय राहिले ते हाताने चाचपून पाहतात. दारामागे पडलेली लोखंडी पहार, मुलांच्या पायाला लागू नये म्हणून, कोणी सज्जन उचलून अंगणात ठेवतो. स्वयंपाकघरात आलेल्यांसाठी चहा चढतो. घरची सून विस्कटलेल्या साड्यांची घडी घालू लागते, कारण येणाऱ्या-जाणाऱ्यांना तो पसारा दाखविणे तिला लाजिरवाणे वाटते. मग दोन तासांनी कोणाला तरी पोलिसांची आठवण होते. हस्तक श्वानाला घेऊन येतो आणि विचारतो, चोराशिवाय कोणीही हात लावलेला नाही अशी एखादी वस्तू दाखवा. अशी वस्तू त्या घरात उरलेलीच नसते.

यात कोणाची दुष्ट बुद्धी नसते. आपला समाज दुःखाच्या वेळी धावून येणारा आहे आणि ते भूषणच आहे. परंतु ते धावून येणे उंबरठ्याच्या बाहेर थांबावे, एवढीच माझी विनंती आहे. कुलूप तुटलेले दिसताच आत पाऊल टाकू नका. चोर अजून आत असण्याचा संभव असतो, हे त्याचे पहिले कारण. दागिन्यांहून आपला जीव मोलाचा. बाहेर उभे राहून ११२ क्रमांक फिरवा. महाराष्ट्रात हा क्रमांक २०२१ पासून कार्यरत आहे. पोलीस येईपर्यंत घरातील एकाने दारातच उभे राहावे, कोणासही आत सोडू नये, आणि त्यापूर्वी कोण कोण आत जाऊन आले हे लक्षात ठेवावे. पोलादी कपाट, काच, सनमायका अशा गुळगुळीत पृष्ठभागांवर ठसेतज्ज्ञांना बोटांचे ठसे मिळतात. एक ओले फडके ते पुसून टाकावयास पुरे होते. चहा शेजारच्या घरी घ्यावा.

आणि श्वान घुटमळले, तरी ते व्यर्थ गेले असे मानू नका. ज्या ठिकाणी माग तुटतो, तेथे बहुधा चोर वाहनावर बसलेला असतो. म्हणजे तेथे मोटारसायकल उभी होती. मग त्या जागेकडे तोंड असलेल्या दुकानाचा कॅमेरा कोणता, रात्री तेथून कोण गेले, दूधवाल्याने काय पाहिले, असा तपास सुरू होतो. श्वान दिशा दाखवितो. त्यापुढची वाट माणसाने चालावयाची असते.

येथे मी एका नाजूक विषयाकडे वळतो, आणि त्यासाठी आपली थोडी अधिक एकाग्रता मागतो. समजा, माग काढता काढता श्वान मोलकरणीच्या खोलीशी जाऊन थांबला. पाहणाऱ्यांत कुजबुज सुरू होते. संध्याकाळपर्यंत तिचे नाव गावभर होते, दुसऱ्या दिवशी तिची चार घरची कामे सुटतात. परंतु विचार करा, ती बाई रोज त्या घरात वावरते. तिने झाडलेल्या फरशीवर, तिने आवरलेल्या कपाटाशी तिचा गंध असणारच. श्वानाने सांगितले ते इतकेच, की ती तेथे आली होती, आणि ते तर आपल्यालाही ठाऊक होते. चोरी कोणी केली हे श्वान सांगत नाही. त्याला चोरी म्हणजे काय हेही कळत नाही.

कायद्याचीही हीच भूमिका आहे. आपल्याच राज्यातील एका खटल्यात, रेल्वेचे रूळ निखळवून अपघात घडविल्याच्या आरोपासंबंधी, १९६९ साली सर्वोच्च न्यायालयापुढे श्वानाच्या पुराव्याचा प्रश्न आला होता. श्वानाला साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभे करून उलटतपासणी घेता येत नाही, त्याचे म्हणणे हस्तकाच्या तोंडून ऐकावे लागते, आणि माणसाचे जीवित व स्वातंत्र्य प्राण्याच्या अनुमानावर अवलंबून ठेवणे योग्य नव्हे, हे आक्षेप न्यायालयाने विचारात घेतले आणि अशा पुराव्यास फारसे वजन देता येत नाही असे म्हटले. न्यायालय ज्यावर कोणाला दोषी ठरवीत नाही, त्यावर आपण ओसरीवर बसून निकाल देऊ नये. माझ्या मते घरफोडीत गेलेले सोने कधी तरी पुन्हा घडविता येईल. एका गरीब बाईची गेलेली अब्रू परत करणारा सोनार मला अद्याप भेटलेला नाही.

फिर्यादीविषयी आता थोडक्यात. चोरीसारख्या दखलपात्र गुन्ह्याची माहिती मिळाल्यावर गुन्हा नोंदविणे पोलिसांवर बंधनकारक आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली स्पष्ट केले. १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली. तीनुसार गुन्हा कोणत्याही हद्दीत घडलेला असो, जवळच्या ठाण्यात फिर्याद देता येते. शिखरजीच्या वाटेवर गाडीत पिशवी गेली, तर "तिकडेच जाऊन तक्रार द्या" हे उत्तर ऐकून घेण्याचे कारण नाही. फिर्यादीची प्रत विनामूल्य मिळते, ती मागून घ्यावी. फिर्याद घेण्यास कोणी नकार दिला, तर पोलीस अधीक्षकांकडे लेखी अर्ज करावा. साठ वर्षांवरील व्यक्तीला, तसेच कोणत्याही स्त्रीला साक्षीदार म्हणून चौकशीसाठी ठाण्यात येण्याची सक्ती करता येत नाही; तिच्या घरी जाऊन विचारपूस करावी लागते. मात्र उसने दिलेले पैसे, सामाईक भिंत, भाडेकरू घर सोडीत नाही, या दिवाणी बाबी आहेत. मारहाण वा धमकी झाल्यावाचून पोलीस त्यांत पडू शकत नाहीत, आणि न पडले तर तो त्यांचा आळस नव्हे.

दागिन्यांची छायाचित्रे व पावत्या घरात ठेवू नका, मुलीकडे किंवा भावाकडे एक संच असू द्या. चोर पकडला जातो तेव्हा पुष्कळदा मुद्देमाल सोन्याच्या लगडीच्या रूपात हाती येतो. अशा वेळी वजन व पावती हाच आपला आधार असतो. जप्त दागिने पंचनामा व छायाचित्रे करून, हमीपत्र घेऊन मालकास लवकर परत द्यावेत, असे सर्वोच्च न्यायालयाने २००२ साली सांगितले आहे. त्यासाठी न्यायालयात अर्ज करावा लागतो; ठाण्यात खेटे घालून ते मिळत नाहीत.

बाकी खबरदारीच्या गोष्टी आपणांस ठाऊक आहेत, अमलात मात्र येत नाहीत. दाराबाहेर लोंबणारे मोठे कुलूप घर रिकामे असल्याची दवंडी पिटते. त्याऐवजी दारातच बसविलेले लॅच बरे. गावाला जाताना दूध व वर्तमानपत्र बंद करावे, शेजाऱ्यास व ठाण्यात कल्पना द्यावी, आणि यात्रेची छायाचित्रे व्हॉट्सॲपवर परत आल्यावर टाकावीत. कपाटाची किल्ली कपाटावरच ठेवण्याची आपली परंपरा चोरांनाही ठाऊक आहे, हे मी नम्रपणे नमूद करतो.

माता-भगिनींसाठी एक शेवटचे. सकाळी मंदिरात जाताना दोन नीटनेटके गृहस्थ वाटेत अडवितात, आपण पोलीस असल्याची बतावणी करतात. "पुढे खून झाला आहे, तपासणी चालू आहे, दागिने काढून रुमालात बांधा," असे म्हणतात आणि पुडी बांधून देण्यास मदतही करतात. घरी येऊन सोडावी तो आत खडे. खरा पोलीस रस्त्यात कोणाही बाईला दागिने काढावयास सांगत नाही. तसेच खरा पोलीस दूरध्वनीच्या पडद्यावरून कोणाला अटक करीत नाही, पैसेही मागत नाही. असा प्रसंग आला, तर रस्त्यावर असाल तेव्हा जवळच्या दुकानात शिरून ११२ लावा. दूरध्वनीवर पैसे गेले असतील, तर १९३० हा क्रमांक आहे. तेथे जितक्या लवकर कळवाल, तितकी रक्कम गोठविली जाण्याची शक्यता अधिक.

वेळ बराच झाला आहे आणि बाहेर भोजनाची सिद्धता झालेली दिसते.