चैत्रात या, बेळगावला

(मंडळाच्या चैत्रगौरी स्नेहमेळाव्यात झालेल्या भाषणाचा मजकूर)

उभं एकच माणूस असलं तरी हे बोलणं आम्हा दोघांचं आहे. घरच्या पाहुण्यांचं सगळं आजवर दोघांनी मिळून केलं, म्हणून भाषणही मिळूनच लिहिलं.

पुण्या-मुंबईचे नातेवाईक फोनवर विचारतात, "बेळगावला कधी येऊ?" आम्ही सांगतो, चैत्र-वैशाखात या. पलीकडून ठरलेलं उत्तर येतं, "अहो, भर उन्हाळ्यात?" आपलं गाव अडीच हजार फुटांवर आहे, दुपार कितीही तापली तरी संध्याकाळी सह्याद्रीकडून वारा सुटतो, मधूनच वळीव येऊन अंगण धुऊन जातो, हे फोनवर पटत नाही. त्यांना गच्चीवर गादी घालून द्यावी लागते. पहाटे स्वतःहून चादर मागितली की मग पटतं.

दुसरा ठरलेला प्रश्न चपला काढतानाच येतो. "काय, सीमाप्रश्नाचं काय झालं?" १९५६ साली राज्यांची पुनर्रचना झाली तेव्हापासून तो आपल्याबरोबर आहे, २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. इथं बसलेल्यांपैकी कितीजणांच्या घरानं त्यासाठी काय सोसलं ते आम्ही सांगायला नको. पण पाहुण्यांनी दरवेळी तेवढंच विचारलं की आम्हाला जरा चुटपुट लागते. एखाद्या घरी जावं आणि फक्त कोर्टाची तारीख विचारून परतावं, तसं होतं ते. त्या घरात माणसं राहतात, सण करतात, भांडतात, आंबे पिकत घालतात, ते राहूनच जातं. म्हणून आम्ही पाहुण्यांना वसंतात बोलावतो. त्या दिवसांत गाव स्वतःच इतकं बोलतं की त्यांना प्रश्न आठवायला सवड मिळत नाही.

सकाळी आम्ही त्यांना व्हॅक्सिन डेपोत फिरायला नेतो. एके काळी तिथं देवीची लस तयार व्हायची, आता टिळकवाडीची निम्मी मंडळी तिथं पाय मोकळे करतात. ऊन चढायच्या आत किल्ल्यातली कमलबस्ती. बाराशे चारच्या सुमाराचं, रट्ट राजांच्या काळातलं ते जैन मंदिर. छतात कोरलेलं दगडी कमळ बघत गार फरशीवर बसलं की मे महिना बाहेरच राहतो. परतताना गणपत गल्लीत जांबोटी-खानापूरकडची करवंदं, काजूची बोंडं. आंब्यावरून मात्र आमच्या घरात दरवर्षी वाद. पाहुण्यांना रत्नागिरी हापूसच हवा असतो. आम्ही न सांगता धारवाडचा हापूस कापून ठेवतो. दोन फोडी जास्त खाल्ल्यावर नाव सांगतो.

आपल्या वसंतातली प्रत्येक गोष्ट जोडीनं येते, हे पाहुण्यांच्या लक्षात यायला दोन दिवस लागतात. आपला पाडवा तोच शेजाऱ्यांचा उगादी. आम्ही गुढी उभारतो, कडुनिंब खातो. शेजारच्या अक्का वाटीत बेवू-बेल्ल घेऊन येतात, तोच कडुनिंब आणि तोच गूळ. आमची पुरणपोळी त्यांच्याकडे जाते, त्यांची होळिगे आमच्याकडे येते. एकदा पुण्याच्या एका पाहुण्यांनी हळूच विचारलं, "तुमचं यांच्याशी पटतं?" आम्ही म्हटलं, पटतं की. नळाच्या पाण्यावरून भांडतोही. पाटीवरच्या अक्षरांवरूनही वाद झालेत, ते खोटं कशाला सांगायचं? पण चाळीस वर्षांत आजारपणात पहिला डबा त्यांच्याच घरून आलाय. अक्षयतृतीयेला त्यांची बसवजयंती असते आणि तिच्या आदल्या दिवशी, वैशाख शुद्ध द्वितीयेला, आपली शिवजयंती.

इथं पाहुणे हटकून अडतात. "शिवजयंती तर १९ फेब्रुवारीला झाली की!" महाराष्ट्र सरकारनं ती तारीख धरली. आपण जुनी वैशाखातली तिथी सोडली नाही. इतिहासकारांचा वाद इतिहासकारांनी मिटवावा. आम्हाला एवढंच ठाऊक आहे की या तिथीमुळे आपल्या गावाला वसंतातली एक जागी रात्र मिळाली आहे.

चित्ररथांच्या रात्रीबद्दल या सभेत नव्यानं काय सांगायचं? तरी सांगतो, कारण पाहुण्यांच्या डोळ्यांनी ती बघताना आम्हालाच ती दरवेळी नवी वाटते. संध्याकाळी नरगुंदकर भावे चौकात गर्दी जमू लागते. मग गल्लीगल्लीचे रथ निघतात आणि त्यावर सजीव देखावे. पन्हाळ्याचा वेढा, आग्र्याची सुटका, अफझलखानाचा कोथळा. महिनाभर शाळेच्या सुट्टीत तालमी करणारी पोरं त्या रात्री मावळे होतात. पहाटे तीनला बघावं तर रथावरचा एखादा चिमुकला मावळा ढालीवर डोकं ठेवून झोपलेला, आणि त्याचे आजोबा खालून चालत त्याचे पाय धरून! फुटपाथवर घरून आणलेल्या खुर्च्यांची रांग. "बसा की हो, उभं कशाला?" म्हणून अनोळखी माणसाला जागा देणं.

एका वर्षी आमचे ठाण्याचे पाहुणे त्या गर्दीत हरवले. मोबाईल घरी विसरलेला. आम्ही घाबरेघुबरे होऊन रात्रभर शोधतोय, आणि पहाटे हे गृहस्थ रामदेव गल्लीत एका मंडळाच्या पोरांबरोबर चहा पीत उभे, डोक्याला भगवा फेटा! विचारलं, भीती नाही वाटली? म्हणाले, "कुणी वाटू दिली नाही." त्यानंतर त्यांनी आम्हाला कोर्टाची तारीख कधी विचारली नाही. विचारतात ते रथ कधी निघणार एवढंच.

तसे आपल्या गावाचे मोठे पाहुणेही वसंतातलेच. एप्रिल १९१६ मध्ये टिळकांनी होमरूल लीगची स्थापना इथंच केली. मे १९४६ चं साहित्य संमेलन, अध्यक्ष ग. त्र्यं. माडखोलकर, संयुक्त महाराष्ट्राची मागणी त्या मांडवातून घुमली. उन्हात घामेजलेल्या सभांनी या गावाला किती दिलं ते मोजायला वेगळा दिवस लागेल.

निपाणीच्या स्नेह्यांसमोर मात्र वसंताचं नुसतं गोड बोलून चालणार नाही. तंबाखूचा पैसा हातात यायचे हेच दिवस. १९८१ च्या मार्चमध्ये शरद जोशींच्या नेतृत्वाखाली तंबाखू उत्पादक महामार्गावर ठाण मांडून बसले, आणि ६ एप्रिलला गोळीबारात बारा शेतकरी गेले. कोल्हापूरकडून गाडी घेऊन येणाऱ्या पाहुण्यांना आम्ही सांगतो, निपाणीला थांबा, चहा घ्या आणि ही गोष्ट तिथल्या माणसांकडून ऐका. मग तवंदी घाट चढून या.

आता शेवटचं, जरा घरगुती. पाहुणे म्हणून आम्ही ज्यांच्याविषयी बोलतोय, त्यांत आता आमचीच मुलं आहेत. एक पुण्यात, एक बेंगळुरूत. तुमच्यापैकी बहुतेकांचं असंच. आमची नात शाळेमुळे कन्नड सुरेख बोलते, अक्कांशी तिचं आमच्यापेक्षा चांगलं जमतं. मराठी मात्र अडखळत. गेल्या खेपेला चित्ररथ बघताना तिनं विचारलं, "आजी, हे सगळे आपले नातेवाईक आहेत का?" आम्ही हो म्हणालो. पटकन दुसरं काही सुचलंच नाही.

त्याआधीच्या वर्षी कुणालाच रजा मिळाली नव्हती. आम्ही दोघांनी सवयीनं सहा खुर्च्या बाहेर मांडल्या. चार रिकाम्या. मध्यरात्री शेजारच्या अक्का आणि त्यांचे यजमान येऊन बसले. उरलेल्या दोन खुर्च्यांवर कुठल्याशा गावाहून आलेलं एक जोडपं बसलं, मांडीवर बाळ.

यंदा मुलीनं तिकिटं काढली आहेत. मुलाचं अजून "बघतो" चाललंय. खुर्च्या सहाच मांडणार. ज्यांची मुलं यायची नाहीत त्यांनी आमच्या पायरीवर यावं, आपली खुर्ची आपण आणावी म्हणजे झालं.

बाकी डाळ आणि पन्हं तयार आहे असं आतून खुणावतायत. निपाणीच्या मंडळींची गाडी साडेपाचची आहे, त्यांना आधी द्या.