शुक्रवार सकाळचा फॉल्ट



न्यायमूर्ती रानड्यांच्या पुढाकाराने १८७५ साली ही वसंत व्याख्यानमाला सुरू झाली. आज प्रत्येक कारखान्यात सर्रास दिसते ती एसी इंडक्शन मोटर तेव्हा जन्माला यायची होती. निकोला टेस्लाला तिची अमेरिकन पेटंटं मिळाली १८८८ साली. मी तीस वर्षं भोसरी, पिंपरी, चाकण या पट्ट्यात इलेक्ट्रिकल पॅनेलपुढे उभा राहिलेला माणूस आहे. आज मला दोन-तीन अक्षरांबद्दल बोलायचं आहे. एका लहानशा पडद्यावर ही अक्षरं लुकलुकतात, मशीन थांबतं, आणि सगळी शिफ्ट त्या पडद्याकडे बघत उभी राहते.

हा विषय फक्त कारखान्यातल्या लोकांचा आहे असं कृपा करून समजू नका. तुमच्या सोसायटीतला पाण्याचा प्रेशर पंप, नव्या इमारतीतली लिफ्ट, वनाजहून सुटणारी मेट्रो, या सगळ्यांच्या पोटात ड्राइव्ह आहे. व्हीएफडी म्हणा, एसी ड्राइव्ह म्हणा, शॉपमध्ये आम्ही नुसतं 'ड्राइव्ह' म्हणतो. त्याचं काम एकच: मोटरचा वेग हवा तसा कमी-जास्त करणं.

तो हे कसं करतो ते समजायला आपल्या इमारतीचं पाणी डोळ्यांपुढे आणा. महापालिकेचं पाणी तिच्या वेळेला आणि तिच्या दाबाने येतं. आपण ते खालच्या टाकीत साठवतो आणि पंपाने आपल्याला हवं तेव्हा, हव्या दाबाने वर घेतो. ड्राइव्ह विजेचं असंच करतो. बाहेरून आलेली ४१५ व्होल्टची थ्री-फेज वीज तो आधी डायोडमधून एकाच दिशेची करून घेतो आणि कपॅसिटरमध्ये साठवतो. या साठ्याला डीसी बस म्हणतात. तिथे साधारण ५६० ते ५८५ व्होल्ट असतात. मग आयजीबीटी नावाचे सहा स्विच सेकंदाला हजारो वेळा उघडझाप करून त्या साठ्यातून मोटरला हव्या त्या फ्रिक्वेन्सीची वीज तयार करून देतात. चार पोलची मोटर ५० हर्ट्‌झवर मिनिटाला १४४०च्या आसपास फिरते, २५ हर्ट्‌झ दिले की साधारण निम्म्या वेगाने. ब्लोअरचा वेग वीस टक्क्यांनी कमी केला तर त्याला लागणारी वीज जवळपास निम्म्यावर येते, आणि ड्राइव्ह सगळीकडे पोचला तो मुख्यतः यामुळे. हा आयजीबीटी व्यवहारात आणण्याचं मोठं श्रेय जयंत बालिगा यांचं. मद्रासच्या आयआयटीत शिकलेला हा माणूस. २०२४ साली त्यांना फिनलंडचा मिलेनियम टेक्नॉलॉजी पुरस्कार मिळाला, आणि आपल्याकडे त्याची पुरेशी चर्चा झाली नाही याचं मला मनापासून वाईट वाटतं.

आता पडद्यावरच्या त्या अक्षरांकडे, म्हणजे फॉल्ट कोडकडे येऊ. टाकी भरून वाहायला लागली, तर ओव्हरव्होल्टेज. टाकीचा तळ दिसू लागला, तर अंडरव्होल्टेज. कोणीतरी एकदम प्रचंड पाणी ओढलं, तर ओव्हरकरंट. पाईप फुटून पाणी जमिनीत जायला लागलं, तर अर्थ फॉल्ट. बहुतेक कोड या चार कुटुंबांतले असतात, पाचवं कुटुंब तापण्याचं. पण एक गोष्ट नीट लक्षात घ्या. पाईप कुठे फुटला हे टाकी सांगू शकत नाही. ड्राइव्हला मुख्यतः तीन गोष्टी कळतात: बसचा व्होल्टेज, मोटरकडे जाणारा करंट आणि स्वतःच्या हीटसिंकचं तापमान. बेअरिंग जाम झालं, पंपात चिंधी अडकली, केबल सोलली गेली, यातलं काहीही त्याला दिसत नाही. आपल्याला काय जाणवलं एवढंच तो सांगतो. कारण आपण शोधायचं.

आणि हे सांगण्याची प्रत्येक कंपनीची भाषा वेगळी. एबीबीच्या एसीएस५५० मालिकेत ३ नंबरचा फॉल्ट म्हणजे ड्राइव्ह तापला. सीमेन्सच्या मायक्रोमास्टर ४४० मध्ये एफ०००३ म्हणजे बसचा व्होल्टेज पडला. आकडा एकच, पण एकासाठी पंखा साफ करायचा आणि दुसऱ्यासाठी सप्लायचा फेज तपासायचा. 'साहेब, एफ तीन आलाय, काय करू?' असा फोन आला की मी पहिल्यांदा मेक आणि मॉडेल विचारतो. मग म्हणतो, वाचून दाखवू नका, फोटो पाठवा. कारण सात रेघांच्या पडद्यावर ५ आणि इंग्रजी एस अगदी सारखे दिसतात, शून्य आणि ओ सुद्धा. एका अक्षराच्या गैरसमजापायी अर्धी पाळी वाया गेलेली मी पाहिली आहे.

काही कंपन्यांनी मात्र कोडमध्येच मोठी मदत करून ठेवली आहे. मित्सुबिशीच्या ड्राइव्हवर ओव्हरकरंट आणि ओव्हरव्होल्टेजच्या अक्षरांपुढे १, २ किंवा ३ येतो. १ म्हणजे वेग वाढत असताना, २ म्हणजे एकसारख्या वेगावर, ३ म्हणजे वेग कमी होत असताना. श्नायडरच्या आल्टिव्हारमध्ये व्होल्टेज वाढण्याचेच दोन वेगळे कोड आहेत. ओबीएफ म्हणजे ब्रेक लागताना वाढला, ओएसएफ म्हणजे बाहेरच्या सप्लायमुळेच वाढला. काय झालं याच्या जोडीला केव्हा झालं हे कळलं की निम्मं काम झालं, हे या कोड बनवणाऱ्यांना पक्कं ठाऊक होतं. आज मला जे सांगायचं आहे ते हेच.

भोसरीतल्या एका कारखान्याची गोष्ट सांगतो. वीस हॉर्सपॉवरचा ब्लोअर. गुरुवारी सुट्टीच्या दिवशी त्याचा जुना ड्राइव्ह काढून नवा बसवला. शुक्रवारपासून रोज शिफ्ट संपताना ट्रिप, ओव्हरव्होल्टेज. ड्राइव्ह परत पाठवला, 'काही दोष नाही' म्हणून परत आला. पुन्हा बसवला, पुन्हा ट्रिप. महावितरणचा व्होल्टेज जास्त येतो असं सगळ्यांचं ठरून गेलं होतं, स्टॅबिलायझरचं कोटेशनसुद्धा आलं होतं.

मी गेलो तेव्हा ऑपरेटरला विचारलं, 'दादा, चालू असताना कधी ट्रिप होतो का?' तो म्हणाला, 'नाही साहेब, फक्त बंद करताना.' म्हणजे सप्लायचा प्रश्नच नव्हता. आम्ही कीपॅडवर डीसी बसचा व्होल्टेज लावून ठेवला आणि दोघं बघत उभे राहिलो. चालताना ५७०. त्याने स्टॉपचं बटण दाबलं. ६१०, ६६०, ७२०, ७८०, आणि आठशेच्या घरात गेल्याबरोबर पडदा लाल. ब्लोअरचं ते जड चाक नुसतं फिरत होतं, पण आता ते मोटरला फिरवत होतं. म्हणजे मोटर जनरेटर झाली होती आणि वीज उलटी टाकीत ओतत होती.

मेट्रो स्टेशनात शिरताना ब्रेक लावते तेव्हाही असंच होतं. पण तिथली वीज वरच्या तारेत परत जाऊ शकते. कारखान्यातल्या साध्या ड्राइव्हला पुढे डायोड असतात, डायोड एकाच दिशेने वीज सोडतो, त्यामुळे आलेल्या विजेला परतीचा रस्ता नाही. टाकी भरून वाहणारच.

जुन्या ड्राइव्हमध्ये थांबण्याचा वेळ, ज्याला आम्ही डिसेल टाइम म्हणतो, साठ सेकंद होता. नव्यात कंपनीतून आलेले पाच सेकंद तसेच राहिले होते, कारण जुने पॅरामीटर कोणी कागदावर उतरवले नव्हते. आम्ही साठ घातले. बस ६४०च्या वर गेली नाही. लवकर थांबवणं खरोखर गरजेचं असतं तिथे ब्रेक रेझिस्टर लावावा लागतो, म्हणजे जास्तीची वीज उष्णता करून घालवायची. इथे ती गरज नव्हती, ब्लोअर साठ सेकंदांत थांबला तर कोणाचं काही अडत नव्हतं. एक रुपया न लागता काम झालं. त्या ऑपरेटरला उत्तर आधीपासून माहीत होतं, त्याला कोणी विचारलं नव्हतं.

तापण्याच्या कोडबद्दल फार बोलत नाही. एप्रिल-मेमध्ये पत्र्याच्या शेडमधला ड्राइव्ह दुपारी तीनला ट्रिप होतो आणि रात्री गुण्यागोविंदाने चालतो, तर आधी पॅनेलच्या पंख्याची जाळी काढून उजेडाकडे धरा. उजेड दिसला नाही तर कारण सापडलं. बहुतेक ड्राइव्ह ४० अंशांपर्यंत पूर्ण लोड घेतात, त्यापुढे त्यांची ताकद कमी धरावी लागते. आणि सततच्या उष्णतेने आतले कपॅसिटर म्हातारे होतात. दहा अंश कमी ठेवले तर त्यांचं आयुष्य साधारण दुप्पट होतं.

ओव्हरकरंट मात्र सावधपणे हाताळायचा. ड्राइव्हकडून मोटरची वायर सोडवा आणि ड्राइव्ह रिकामा चालवा. तरीही कोड येत असेल तर दोष बहुधा ड्राइव्हच्या आत. येत नसेल तर केबल, मोटर आणि त्यापुढचं मशीन तपासा. मेगर, म्हणजे इन्सुलेशन तपासायचं मीटर, मारायचा असेल तर ड्राइव्ह पूर्ण सुटा केल्याशिवाय मारू नका. मेगरचे ५०० व्होल्ट आतल्या इलेक्ट्रॉनिक्सला सोसत नाहीत. आणि मेन स्विच खाली केला म्हणजे ड्राइव्ह मेला असं समजू नका. टाकीत पाणी शिल्लक असतं. झाकणावर थांबण्याची मिनिटं लिहिलेली असतात, पाच, दहा, कधी पंधरा. तेवढा वेळ थांबा, आणि तरीही बसच्या प्लस-मायनसवर मीटर लावून बघा. हे मी प्रत्येक नव्या मुलाला हात धरून करायला लावतो. मीटरवर शून्य स्वतःच्या डोळ्यांनी बघितल्याशिवाय स्क्रू ड्रायव्हर आत जाता कामा नये.

आता ज्या बटणाबद्दल मला सगळ्यात जास्त बोलायचं आहे त्याकडे येतो. रिसेट. कोड आला की हात आपोआप तिकडे जातो. मी त्या माणसाला दोष देत नाही, त्याच्या मागे प्रॉडक्शनचा तगादा असतो. काही ठिकाणी तर ऑटो रिसेट चालू करून ठेवतात, म्हणजे ड्राइव्ह स्वतःच पुन्हा सुरू होतो. ज्या मशीनजवळ माणसाचा हात जाऊ शकतो तिथे हे करणं म्हणजे त्या हाताशी खेळ आहे. आणि हात सुखरूप राहिला तरी रिसेट काय करतो ते ऐका.

पावसाळ्यातली गोष्ट. एका फाउंड्रीत उघड्या शेडमधला पंप. अर्थ फॉल्ट यायचा, चार-पाच वेळा रिसेट केलं की पंप सुरू व्हायचा आणि मग दिवसभर चालायचा. मोटर दाखवली, रिवाइंडिंगवाल्याने मेगर मारला, वीस मेगोहम. उत्तम. केबल तपासली, उत्तम. मी पॅनेलच्या दाराला एक साधी वही अडकवली आणि तिथल्या वायरमनकाकांना म्हटलं, 'काका, दुरुस्ती राहू द्या. कोड आला की रिसेटच्या आधी फक्त वार, वेळ आणि पाऊस होता का एवढं लिहा.' काकांनी जुलैभर लिहिलं. मोठं, ठसठशीत अक्षर.

महिनाअखेरीला वही उघडली. शुक्र, स. ७.१०, पाऊस. शुक्र, स. ७.०५, पाऊस. शुक्र, स. ७.१५, रात्री पाऊस. एकही नोंद शुक्रवार सोडून नव्हती.

गुरुवारी कारखाना बंद. सहा दिवस तापलेली मोटर त्या दिवशी थंड होते. थंड होताना तिच्या आतली हवा आकसते आणि ती बाहेरची ओली हवा आत ओढते. जिथे केबल आत शिरते ते ग्लँड सैल होतं, म्हणजे हवेबरोबर पाणीसुद्धा. पुढच्या शुक्रवारी मी पावणेसातला तिथे होतो. काही सुरू करायच्या आधी ड्राइव्हकडून वायर सोडवली आणि मेगर लावला. काटा शून्यावर. त्याच मोटरचा दुपारचा मेगर वीस मेगोहम होता, आणि तोवर सगळे तपासायला दुपारीच यायचे.

टर्मिनल बॉक्सचं झाकण काढलं. आत फाउंड्रीची काळी धूळ, ओली, चिखलासारखी. ती पुसल्यावर टर्मिनल प्लेट दिसली, आणि तिच्यावर बोल्टपासून मोटरच्या बॉडीपर्यंत जळलेल्या काळ्या रेघा, कोणी पेन्सिलीने गिरवल्यासारख्या. करंट तिथून जात होता. प्रत्येक रिसेटला तिथे ठिणगी पडायची, तेवढं पाणी सुकायचं, पंप सुरू व्हायचा, आणि ती रेघ थोडी आणखी जळायची. आणखी काही शुक्रवार गेले असते तर ती मोटर दुपारीसुद्धा सुरू झाली नसती.

काम किरकोळ होतं. नवं ग्लँड, नवी रबर गास्केट, नवी प्लेट, आणि पावसाळ्यापुरता बुधवारी रात्री मोटरवर ताडपत्रीचा आडोसा. काकांनी वही बंद केली नाही, ती अजून त्या दाराला आहे.

जुनी प्लेट मी मागून घेतली. आज बरोबर आणली आहे, इथे टेबलावर ठेवतो. जाताना जवळून बघा, हात लावून बघा. तीन रेघा आहेत. बोटाने पुसल्या जात नाहीत.