काटा आणि कंबर
(रौप्यमहोत्सवी समारंभातील भाषण)



बँकेत असताना मी वजनकाट्यावर निर्धास्त होतो. तिशीत ६२ किलो, साठीतही ६२! निवृत्तीनंतर रक्तात साखर निघाली, तेव्हा मी डॉक्टरांशी वादच घातला, "अहो, मी तर बारीक!"

हे कोडं पुण्यात उलगडलेलं आहे. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा एकत्र फोटो २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. उंचीच्या मानाने दोघांचं वजन सारखंच, बीएमआय २२.३. पण अंगातली चरबी युडकिनांची ९.१ टक्के, याज्ञिकांची २१.२! म्हणजे शिल्लक सारखी दिसते, आतलं देणं वेगळं.

म्हणून आता मी कंबरही मोजतो. पुरुषांची ९० आणि बायकांची ८० सेंटिमीटरच्या आत हवी. रोज किल्ल्यापर्यंत चालतो, खुर्चीवरून दहा वेळा उठबस करतो. स्नायू टिकले तर साखर खपते. ताटात भाकरी एक कमी, मटकीची उसळ वाटीभर जास्त.

गच्चीची गळती आपण वेळेवर बघितली, तशी कंबरही बघू या. उद्या सकाळी सहाला मी फाटकापाशी थांबतो. या.