लोकशाहीचा पहिला धडा
(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक मेळाव्यात चोपडे येथे केलेले भाषण)



गुणवंत विद्यार्थ्यांच्या सत्काराप्रसंगी चार शब्द बोलावेत, अशी चिटणीसांनी आज्ञा केली. मी विद्वान नव्हे. मॅट्रिक होऊन मास्तर झालो आणि मुलांतच आयुष्य गेले. त्या अनुभवाच्या आधारेच बोलतो.

माध्यमिक शाळेत मुले इतिहासाच्या जोडीने नागरिकशास्त्र व राज्यशास्त्र शिकतात. घटनेची उद्देशिका अनेकांना मुखोद्गत असते. १९८९ साली मतदानाचे वय २१ वरून १८ झाले. म्हणजे दहावीतील विद्यार्थी दोनतीन वर्षांत मतदार होतो. तथापि, केवळ पाठांतराने लोकशाही अंगी बाणत नाही. पोहणे शिकण्यास तापीच्या पाण्यातच उतरावे लागते.

आपल्या शेजारच्या अमळनेरचे उदाहरण घ्या. साने गुरुजी १९२४ ते १९३० या काळात तेथील प्रताप हायस्कुलात शिक्षक होते. छात्रालयात ते मुलांच्या खोल्या स्वतः झाडीत आणि त्यांच्यासाठी हस्तलिखित दैनिक काढीत. कोणतेही काम हलके नाही, हा धडा मुलांना व्याख्यानावाचून मिळाला. पुढे १९४७ साली पंढरपूरचे विठ्ठलमंदिर अस्पृश्य मानलेल्या बांधवांना खुले व्हावे म्हणून त्यांनी प्राण पणास लावून उपोषण केले. वर्गातील शिकवण आणि बाहेरील आचरण यांत त्यांनी अंतर ठेवले नाही.

वर्गनायकाची निवडणूक हा शाळेतील असाच एक प्रत्यक्ष धडा. हात वर करून मते घेतली की मुले आधी आपल्या गल्लीतल्या मुलाकडे पाहतात, मग हात वर करतात. म्हणून मी चिठ्ठ्या टाकण्याची पद्धत ठेवीत असे. प्रत्येक उमेदवाराने वर्गासाठी काय करणार ते आधी सांगायचे, मोजणी मुलांनीच सर्वांसमक्ष करायची आणि हरलेल्याने जिंकलेल्याचे अभिनंदन करायचे. या पद्धतीने कधी कधी मागच्या बाकावरची अबोल मुलगीही निवडून येई. मतापेक्षा हार पचविणे मुलांना अधिक कठीण जाते. आणि तेच शिकणे अधिक मोलाचे आहे.

परंतु मंडळी, शाळेत पाच-सहा तासांत विणलेले घरी एका प्रश्नाने उसवते. मुलगा नव्या मित्राचे नाव सांगतो आणि आपण विचारतो, “कोणाचा रे तो?” या प्रश्नाचा अर्थ मुलाला बरोबर कळतो. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी घटना समितीत बजावले होते की, राजकारणात समता आणि सामाजिक जीवनात विषमता, अशा विसंगतीत आपण प्रवेश करीत आहोत. ती विसंगती प्रथम उंबरठ्याच्या आत मिटली पाहिजे.

ज्ञातिमंडळाने होतकरू मुलांना शिष्यवृत्ती द्यावी, वसतिगृहे चालवावीत. ते पुण्यकार्यच आहे. मात्र आपल्या आधाराने उभा राहिलेला मुलगा इतरांना परका मानू लागला, तर तो खर्च व्यर्थ गेला असे समजावे. म्हणून माझी विनंती अशी : मंडळाची कार्यकारिणी गुप्त मतदानाने निवडावी, तीत भगिनींना बरोबरीचे स्थान असावे आणि वार्षिक हिशेब भर सभेत वाचून त्यावर प्रश्न विचारू द्यावेत. मुलांना त्या सभेत बसवावे. वडील माणसे विरुद्ध मत शांतपणे ऐकून घेतात, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिले, म्हणजे नागरिकशास्त्राचा धडा पुरा झाला.