वीतभर मिग

मागच्या खेपेला मी इथे बोलले ते ब्लाउजच्या कटिंगबद्दल. या वेळी केंद्रावरच्या ताईंनी विचारलं, आता काय सांगणार? मी म्हटलं, विमान. त्या हसल्या. तुम्हीही हसा, पण रेडिओ बंद करू नका.

आमचं गाव निफाड तालुक्यात, ओझरच्या अलीकडे. तिथल्या माणसाला विमानाचं कौतुक नसतं. डोक्यावरून विमान गेलं की आम्ही बोलणं तेवढ्यापुरतं थांबवतो आणि आवाज ओसरला की पुढचं वाक्य बोलतो. पन्नाशी आली तोवर मी एकदाही मान वर करून नीट बघितलं नव्हतं, की त्याचे पंख कसे आहेत आणि नाक कसं आहे.

माझे वडील ओझरच्या विमान कारखान्यात फिटर होते. आम्ही त्यांना दादा म्हणायचो. पहाटे साडेपाचला घर सोडायचे. आम्ही विचारायचो, "दादा, तुम्ही तिथं काय करता?" ते म्हणायचे, "काम." बस, एवढंच. लढाऊ विमानांचा कारखाना, तिथलं बाहेर बोलायचं नाही. फोटो काढायचा नाही, काही घरी आणायचं नाही. त्यांच्याबरोबर घरी यायचा तो कपड्यांना लागलेला तेलाचा आणि धातूचा वास. आई ते कपडे वेगळे भिजवायची.

हा कारखाना 1964 साली उभा राहिला तो मिग-21 बांधण्यासाठी. विमानाचा सांगाडा ओझरला, इंजिन ओडिशात कोरापूटला आणि आतली विजेची यंत्रं हैदराबादला, अशी कामाची वाटणी होती. पुढे ऐंशीच्या दशकापर्यंत ओझरला मिग-21 च्या एकामागून एक जाती तयार झाल्या. शेवटच्या जातीचं नाव बिस. नंतर याच बिस विमानांतल्या काहींना नवं रडार, नवी यंत्रं बसवून त्यांना 'बायसन' केलं, तेही काम ओझरला झालं. हे सगळं मला दादा गेल्यावर कळलं. त्यांच्या दहाव्याला त्यांचे एक जोडीदार आले होते. चहा घेता घेता ते आईला म्हणाले, "बायसनच्या वेळी पुढची काच बसवायला दादांचाच हात लागायचा." आई माझ्याकडे बघायला लागली. मी आईकडे. आम्हा दोघींनाही ठाऊक नव्हतं, की दादा काचा बसवायचे.

ही गोष्ट मनात राहिली. मग एका दिवाळीला माझा भाचा पुण्याहून आला, त्याच्याकडे एक खोका होता. आत प्लॅस्टिकचे सुटे भाग, ते जोडून छोटं विमान तयार होतं. मी सहज विचारलं, "यात मिग मिळतं का?" तो म्हणाला, "मावशी, जे म्हणशील ते मिळतं."

बचत गटाच्या व्याजाचं वाटप झालं होतं, त्यातले सोळाशे रुपये मी त्याच्या हातावर ठेवले. खोका आला तेव्हा घरात जे बोलणं झालं ते सगळं इथं सांगत नाही. हे म्हणाले, एवढ्यात डीएपीची गोणी येऊन वर पैसे उरले असते. हिशेबाने खरं होतं. गटातल्या बायकांनी विचारलं, नातवासाठी घेतलं का? मला अजून नातू नाही. मग विचारलं, करून विकणार का? तेही नाही. मग कशाला? त्या दिवशी मला उत्तर देता आलं नाही. एक जण तर म्हणाली, हिला आता काम उरलं नाही वाटतं. ते लागलं मला. अंगणात शिवणाचे अठरा ब्लाउज पडले होते माझे.

आता हा प्रकार काय असतो ते सांगते. खोक्यात प्लॅस्टिकच्या चौकटी असतात आणि चौकटीला सगळे भाग देठाने चिकटलेले असतात, वेलीला मणी लागावेत तसे. विमान ठरावीक मापात लहान केलेलं असतं. माझं होतं बहात्तराव्या मापाचं. सहा फुटांचे इंच होतात बहात्तर, म्हणून खऱ्यातले सहा फूट म्हणजे या मापात एक इंच. मी पाच फुटांची, म्हणजे या मापात मी पाऊण इंचाहून जराशी उंच होईन! मिग-21 चे पंख खऱ्यात या टोकापासून त्या टोकापर्यंत साडेतेवीस फुटांच्या आसपास, म्हणजे आपल्या ट्रॅक्टर-ट्रॉलीएवढेच. मॉडेलमध्ये ते दहा सेंटीमीटर होतात. आणि लांबी नाकावरच्या काठीसकट एक वीत.

हे प्लॅस्टिक म्हणजे पॉलिस्टायरीन. दह्याच्या किंवा आइस्क्रीमच्या रिकाम्या कपाच्या तळाशी त्रिकोणात आकडा असतो, बघा. 6 असेल तर तेच हे प्लॅस्टिक. 5 असेल तर ते वेगळं, त्याला ही चिकटपट्टी बसत नाही. म्हणायला चिकटपट्टी, पण तो असतो पातळ द्रव. तो प्लॅस्टिक विरघळवतो, दोन भागांच्या कडा एकमेकींत मुरतात आणि वाळल्यावर एकजीव होतात. चिकटवणं कमी आणि डाग देणं जास्त. वास उग्र असतो, म्हणून खिडकी उघडी हवी, पोरं लांब हवीत आणि जवळ दिवा-काडी नको.

एक गंमत सांगते. इंग्लंडात एअरफिक्स नावाची कंपनी आहे, या छंदातली फार जुनी. ती आधी कंगवे बनवायची. 1949 साली तिच्याकडे ट्रॅक्टरवाले आले, फर्ग्युसनचे. आपण ज्याला 'मॅसी' म्हणतो ना, त्याच घराण्यातले. आमच्या ट्रॅक्टरची छोटी प्रतिकृती करून द्या, विक्रेत्यांना दाखवायला. ती जोडून द्यायला फार खटपट पडायची, म्हणून मग सुटे भाग तसेच विकायला काढले. म्हणजे पहिला नंबर ट्रॅक्टरचा लागला, विमान मागून आलं. हे ऐकल्यावर आमच्या घरातला विरोध जरा मऊ झाला.

तर रात्री भांडी झाली की शिवणयंत्राच्या टेबलावर मी तास-दीड तास बसायचे. पहिलं काम, सगळ्या चौकटी भांड्याच्या साबणाने धुवायच्या, कारण साच्यातून निघताना त्यांना तेलकटपणा राहतो आणि मग रंग धरत नाही. मग भाग सोडवायचा. ओढून तोडायचा नाही, देठ लांब ठेवून नेलकटरने कापायचा आणि उरलेला खुंट पॉलिश पेपरने घासायचा. घाई केली तर भागालाच खळगा पडतो. माझ्या डाव्या पंखाला पडलाय. कागदात सगळी माहिती रशियन भाषेत होती, पण चित्रं होती, आणि पेपर पॅटर्नवर ब्लाउज बेतणाऱ्या बाईला चित्रं पुरतात.

दोन अर्धे भाग जोडले की मध्ये फट राहते. त्याला बाजारात लांबी मिळते. पण भाच्याने सांगितलं, चौकटीचेच उरलेले तुकडे त्या द्रवाच्या बाटलीत टाक. रात्रभरात ते विरघळून खिरीसारखं होतं, तेच भरायचं. त्या प्लॅस्टिकला तेच प्लॅस्टिक, सगळ्यात चांगलं मिळून येतं. आणि चौकटीचा एक तुकडा मेणबत्तीवर धरून मऊ झाला की दोन्ही हातांनी ओढायचा. गुळाच्या पाकाची तार निघते तशी केसासारखी तार निघते. ती विमानावरच्या बारीक तारांना. फक्त मेणबत्ती लावायच्या आधी द्रवाची बाटली बंद करून दुसऱ्या खोलीत ठेवायची.

आणि आता काचेची गोष्ट.

खोक्यात आलं ते बिस होतं. मला हवं होतं बायसन. तयार ब्लाउज आणून आपण तो उसवतो, बाही बदलतो आणि अंगाला बसवून घेतो, तसंच या छंदात करतात. खोक्यातलं जसंच्या तसं ठेवणारे असतात आणि त्यात बदल करणारे असतात. बायसनमध्ये बाहेरून दिसणारा मोठा फरक वैमानिकासमोरच्या काचेचा. बिसच्या काचेत मध्ये पट्ट्या असतात, खिडकीच्या गजांसारख्या. बायसनला पट्ट्या नाहीत, सलग एकच गोल काच. शिवाय शत्रूच्या क्षेपणास्त्राला चकवा देणाऱ्या ज्वाला सोडण्याच्या पेट्या. त्या मी दह्याच्या कपातून कापल्या, आकडा बघून! पण काच कशातून कापणार? ती बोटाच्या नखाएवढी आणि चारी बाजूंनी वळलेली.

भाच्याने फोनवर रीत सांगितली. आधी लाकडाचा साचा करायचा. बाभूळ नको, ती कोरायला कठीण. पांगाऱ्याचा तुकडा घेतला, काचेच्या आकाराचा कोरला, घासून गुळगुळीत केला आणि पेन्सिलीच्या टोकाला बसवला. मग मिठाईच्या डब्याचं पारदर्शक झाकण कापलं, दोन बाजूंनी कपड्याच्या चिमट्यांत धरलं आणि गॅसच्या मंद आचेवर, उंचावर फिरवलं. ते पापडासारखं लुळं पडायला लागलं की पटकन साच्यावर दाबायचं. पहिलं झाकण जळालं. दुसरं जास्त तापून पांढरं झालं. तिसऱ्याला सुरकुती पडली. चौथं मी फेकूनच दिलं, ह्यांच्यादेखत. सहावं बसलं.

ते बसवायला मी झटपट चिकटणारं औषध लावलं आणि सकाळी बघते तो काच आतून धुरकट. त्या औषधाची वाफ काचेवर बसते, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. रडू आलं. सोळाशे रुपयांसाठी नाही. मला सारखं वाटत होतं, की दादांनी ही काच कितीदा बसवली असेल, आणि मागे खरा माणूस बसायचा. माझी धुरकटली तर मी दुसरी करीन. त्यांना धुरकट चालली असती का? मिग-21 चे पुष्कळ अपघात झाले, कितीतरी वैमानिक गेले. पेपरात बातमी आली की दादा त्या दिवशी जेवायचे नाहीत. आम्हाला वाटायचं, कारखान्यात काही बिनसलं असेल. आई म्हणायची, त्यांना बोलायला लावू नका. आता कळतं, की ते मनातल्या मनात आपला हात तपासत असतील. हे त्यांनी कधी सांगितलं नाही, मी आपली अंदाजाने बोलते.

सातवी काच केली. या वेळी साधा फेविकॉल लावला, काडीच्या टोकाने. तो वाळला की पारदर्शक होतो.

रंगाचं थोडक्यात सांगते, कारण तिथे मी अजून कच्ची आहे. राखाडी रंगाच्या छटा, ब्रशने, पाणी घालून पातळ करून दोन-तीन हात. एकच जाड हात दिला तर वरच्या बारीक रेघा बुजतात. हवाई दलाचं गोल चिन्ह पाण्यात भिजवून कागदावरून सरकवायचं असतं. बाहेर केशरी, मध्ये पांढरं, आत हिरवं. आधी मी उलटं समजत होते! इतकी वर्षं डोक्यावरून गेलं, तरी.

26 सप्टेंबर 2025 ला चंडीगडला मिग-21 ला हवाई दलाने निरोप दिला. 1963 साली ते विमान दलात आलं तेही तिथेच. मी आईला मोबाइलवर दाखवलं. ती बघत होती, बोलत नव्हती. मग मी कपाटातून माझं विमान आणून तिच्या हातात दिलं. डोळ्यांजवळ नेऊन तिने खूप वेळ बघितलं. मी म्हटलं, "ही पुढची काच, बघ. ही दादा बसवायचे." ती म्हणाली, "एवढीशी?" मी सांगितलं, की खरी मोठी असते. तर म्हणाली, "ते कळतंय गं मला. पण मग तीस वर्षं मला का नाही सांगितलं?" याला मी काय बोलणार?

दुसऱ्या दिवशी तिने ते पदराने पुसलं आणि नाकाच्या वरची लांब काठी मोडली. हवेचा वेग मोजायची काठी असते ती, मिगची ओळखच. प्लॅस्टिकची काडी ती, किती टिकणार! आई इतकी घाबरली की दुपारी जेवली नाही. मी शिवणाच्या डब्यातली दहा नंबरची सुई घेतली, पक्कडीने नेढं तोडलं, नाकाला बारीक भोक पाडलं आणि सुई बसवली. प्लॅस्टिकपेक्षा सरळ दिसते.

आता रोज सकाळी देव पुसून झाले की आई विमान पुसते. आधी सुई कुठे आहे ते बघते.