ग्रहणाच्या मागावर : सायकल आणि फुगा

(निपाणी परिसरातील शिक्षक व ग्रामस्थ यांच्या मेळाव्यात एका निवृत्त विज्ञानशिक्षकाने केलेल्या भाषणाचा मजकूर)



१४ फेब्रुवारी १९८० रोजी पहाटे आम्ही तिघे मित्र निपाणीहून सायकलींवर निघालो. कॅरिअरला भाकरीचे गाठोडे, हवा भरण्याचा पंप, पंक्चरचे सामान आणि एक जुनी दुर्बीण. पहिला मुक्काम बेळगावला, दुसरा धारवाडला. १६ तारखेस सकाळी हुबळी मागे टाकून आम्ही गदगच्या रस्त्याला लागलो. त्या दुपारी खग्रास सूर्यग्रहण होते. चंद्राची गडद छाया कारवार-अंकोल्याच्या किनाऱ्यावरून भूमीवर येऊन हुबळी, गदग, रायचूर असा मार्ग आक्रमीत पुढे आंध्र व ओरिसाकडे जाणार होती. निपाणी आणि बेळगाव ही दोन्ही गावे त्या पट्ट्याच्या उत्तरेस, बाहेर राहत होती.

घरच्यांचे म्हणणे असे की, येथेही सूर्य जवळजवळ सगळाच झाकणार, मग एवढी पायपीट कशाला? या प्रश्नाचे उत्तर मला त्या वेळी नीट देता आले नव्हते, ते आज देतो. सूर्याची एवढीशी कोर जरी उघडी राहिली तरी तिच्या झगझगाटापुढे सूर्याभोवतीचे प्रभामंडल दिसत नाही, कारण त्याचे तेज सूर्यबिंबाच्या सुमारे दहा लाखांश इतकेच असते. ते पाहावयाचे तर बिंब पूर्णपणे झाकलेच पाहिजे, आणि त्यासाठी छायेच्या पट्ट्यात स्वतः जाऊन उभे राहावे लागते. ग्रहण आपल्या दारी येत नाही.

वाटेतील गावे त्या दुपारी ओस पडली होती. दारे बंद, चुली थंड. एका घराच्या उंबऱ्याआडून एका आजीबाईंनी आम्हांस कानडीत हाक मारून आत येण्यास विनविले. उन्हातान्हात आलेली परक्यांची पोरे अशा वेळी उघड्यावर राहणार, याचे त्यांना खरोखरीच वाईट वाटत होते. झाकलेल्या दुधावर त्यांनी तुळशीचे पान ठेवले होते. आम्ही आत गेलो नाही. पण त्या माउलीची कळकळ मी विसरलो नाही, आणि म्हणूनच ग्रहण पाळणाऱ्यांची थट्टा करणे मला आवडत नाही. साडेतीननंतर उजेड शिसवी रंगाचा झाला, पाखरे झाडांकडे परतली आणि काळ्या बिंबाभोवती मोत्यासारखी प्रभा उमटली. शुक्र ठळक दिसू लागला. दोन-अडीच मिनिटांचा तो खेळ. त्याचे वर्णन करण्याचा प्रयत्न मी पुष्कळदा केला आणि दर वेळी सोडून दिला.

याच प्रवासातील दुसरी गोष्ट सांगणे मला अधिक आवश्यक वाटते. आमच्या एका सोबत्याने खग्रास स्थितीपूर्वी बराच वेळ काजळी धरलेल्या काचेतून सूर्याकडे पाहिले. त्यास वेदना अशी काहीच झाली नाही, कारण डोळ्याच्या आतील पडद्यास वेदना कळत नाही. दुसऱ्या दिवशी सायकलवरून परतताना मैलाच्या दगडावरील आकडे मधोमध पुसल्यासारखे दिसतात, असे तो म्हणाला. उजव्या डोळ्यापुढील तो डाग आजतागायत गेलेला नाही. काजळीची काच, क्ष-किरणाची फिल्म, काळा चष्मा, पाण्यातील प्रतिबिंब, यांपैकी कशावरही विसंबू नये. प्रमाणित ग्रहणचष्मा वापरावा, अथवा पुठ्ठ्यास टाचणीने छिद्र पाडून सूर्याची प्रतिमा कागदावर पाहावी. दुर्बिणीतून तर, तिच्या पुढच्या टोकास योग्य गाळणी बसविल्यावाचून, सूर्याकडे डोळा लावूच नये. गर्भवती स्त्रियांना मात्र ग्रहणापासून कोणताही अपाय होत नाही; त्यांना दिवसभर उपाशी कोंडून ठेवण्यानेच झाला तर अपाय होईल.

आता या भागाशी निगडित असलेला जुना इतिहास. १८ ऑगस्ट १८६८ रोजीच्या खग्रास ग्रहणाची छाया आपल्या जवळूनच गेली. लेफ्टनंट जॉन हर्शेल हे सैन्यातील अभियंते लंडनच्या रॉयल सोसायटीच्या वतीने जमखंडीस वर्णपटदर्शक घेऊन बसले होते, तर कॅप्टन हेग विजापूर येथे होते. ऐन पावसाळा! जमखंडीत ढगांनी हर्शेल यांना चांगलेच सतावले. परंतु मध्येच ढग फाटले आणि सूर्याच्या कडेवरील ज्वालांच्या वर्णपटात त्यांना तांबडी, नारिंगी व निळी अशा तेजस्वी रेषा दिसल्या. सौरज्वाला म्हणजे तप्त वायू होत, हे त्या सकाळी जमखंडी, विजापूर आणि गुंटूर येथील निरीक्षणांनी निश्चित झाले. नारिंगी रेषा सोडियमची असावी असा तेव्हा समज झाला. ती एका नव्या मूलद्रव्याची, हेलियमची होती. पृथ्वीवर हा वायू रॅम्झी यांना १८९५ मध्ये सापडला.

येथे एक दुरुस्ती सुचवितो. हेलियमचा शोध १८६८ मध्ये विजयदुर्गच्या किल्ल्यावर लॉकियर यांनी लावला, असे आपण शाळाशाळांतून सांगतो. लॉकियर त्या वर्षी इंग्लंडमध्येच होते. विजयदुर्गास ते आले २२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणासाठी. याच ग्रहणाच्या वेळी पुण्याचे प्राध्यापक नायगमवाला यांनी सोलापूर जिल्ह्यातील जेऊर येथे निरीक्षणे केली. विजयदुर्गाचा मान यामुळे उणा होत नाही. सन तेवढा नीट सांगावा.

१८६८ साली गुंटूर येथे असलेले फ्रेंच ज्योतिर्विद जान्सेन यांची पुढील हकीकत फुग्याच्या संदर्भात सांगण्याजोगी आहे. १८७० मध्ये जर्मन सैन्याचा पॅरिसला वेढा पडला असता हे गृहस्थ अल्जीरियातील ग्रहण पाहण्यासाठी फुग्यात बसून वेढ्याबाहेर पडले. ओरान येथे पोहोचले, आणि ग्रहणाच्या दिवशी आकाश ढगाळ निघाले.

ढगांची हीच अडचण आपल्यापुढे आहे. २ ऑगस्ट २०२७ रोजी, सोमवारी, दुपार उतरल्यावर आपल्याकडे खंडग्रास ग्रहण आहे. श्रावणाच्या तोंडावर निपाणीत सूर्य दिसेल याची हमी कोण देणार? म्हणून आमच्या काही शिक्षकमित्रांचा मानस असा आहे की, हवामान खाते वापरते तशा रबरी फुग्यास थर्माकोलची पेटी बांधून तीत छायाचित्रक, तापमापक व स्थाननिदर्शक ठेवावा आणि ढगांच्या वरून ग्रहण टिपावे. हेलियम भरलेला असा फुगा मिनिटास सुमारे ३०० मीटर चढतो, म्हणजे ३० किलोमीटर उंचीस सुमारे शंभर मिनिटांत जातो. तेथे हवेचा दाब जमिनीवरील दाबाच्या शतांश एवढाच असल्याने फुगा फुगत फुगत फुटतो आणि पेटी हवाई छत्रीने खाली येते. वाटेत तापमान शून्याखाली सत्तर-ऐंशी अंशांपर्यंत उतरते, म्हणून विद्युतघट उबदार ठेवावे लागतात.

खरी मेख वाऱ्याची आहे. पावसाळ्यात पहिले पाच-सहा किलोमीटर वारा पश्चिमेकडून वाहतो, पण त्यावर पूर्वेकडून जोराचे वारे असतात. निपाणीत सोडलेला फुगा आरंभी चिकोडीकडे सरकेल, मग उलटा फिरून सह्याद्रीपलीकडे जाईल आणि पेटी बहुधा समुद्रार्पण होईल. हा हिशेब मांडल्यावर असे दिसते की, पेटी निपाणी-चिकोडीच्या टापूत उतरावयाची असेल तर फुगा सोडावा लागेल जमखंडीच्या बाजूस. हर्शेल साहेबांच्या त्याच गावी! हिशेब करताना मुलांनीच हे प्रथम दाखवून दिले, तेव्हा वर्गात जो आनंद झाला तो काय सांगावा.

अधिकारीवर्गास विनंती ही की, विमानवाहतूक नियंत्रणाची लेखी परवानगी मिळविण्यात आम्हांस साहाय्य करावे. सांबरा व कोल्हापूर येथील विमानतळ जवळ आहेत. परवानगीवाचून एकही फुगा सोडला जाणार नाही. स्वस्त पडतो म्हणून हायड्रोजन वापरण्याचा मोह शाळांनी टाळावा, तो पेट घेतो. मेणबत्तीचे कागदी फुगे तर उसाच्या पाचटाच्या आणि तंबाखूच्या वखारींच्या या मुलुखात नकोतच.

उतरलेली पेटी शोधण्यासाठी मुले जोडीजोडीने सायकली घेऊन गावोगावच्या शाळांत थांबतील. शिवारातील चिखलवाटेवर जीप अडते. सायकल अडली तर खांद्यावर घेता येते. ग्रामस्थहो, त्या सायंकाळी आपल्या उसात नारिंगी छत्रीची पांढरी पेटी पडलेली दिसली तर घाबरू नये आणि ती उघडूही नये. पेटीवर शाळेचे नाव मराठीत व कानडीत लिहिलेले असेल. जवळच्या शाळेत किंवा पोलीस ठाण्यात वर्दी द्यावी, आणि मुले येईपर्यंत पावसात ती भिजू नये म्हणून वर एखादे पोते टाकावे.