लिक्विड मी ओतलं होतं
(रौप्यमहोत्सवी स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



सेक्रेटरींनी मला बँकेतले अनुभव सांगायला सुचवलं होतं. ते तुम्ही गणपतीत दोनदा ऐकलेत. म्हणून आज स्वयंपाकघरातला एक सांगतो. आता बऱ्याच घरी डिशवॉशर आलेत, उपयोगी पडेल.

लॉकडाऊननंतर मुलाने आम्हाला हे मशीन घेऊन दिलं. गेल्या वर्षी हिचा हात फ्रॅक्चर झाला आणि मशीनचा चार्ज माझ्याकडे आला. एका रात्री त्याची पावडर संपली. मी सिंकजवळची लिक्विडची बाटली उचलली, खणात सढळ हाताने ओतली आणि बातम्या बघत बसलो. साबण तो साबण, असा माझा हिशेब! थोड्या वेळाने ही ओरडली. मशीनच्या दारातून फेस बाहेर येत होता, पार फ्रिजपर्यंत. प्लास्टरचा हात गळ्यात अडकवलेली ही त्या फेसात पाय टाकणार, एवढ्यात मी तिला धरलं. मशीन आपोआप बंद पडलं होतं.

सकाळी मेकॅनिक आला. पहिलाच प्रश्न, "काका, साबण कुठला घातला?" आमच्या मावशी तिथेच लादी पुसत होत्या. माझ्या तोंडून निघून गेलं, "मशीन मावशी लावतात." त्या काही बोलल्या नाहीत. मग सगळं व्याख्यान त्यांनाच मिळालं, मी मागे उभा राहून ऐकलं. हाताने घासताना फेस चालतो. मशीनमध्ये पाणी जोरात फवारलं जातं, त्यामुळे थोड्याशा लिक्विडचाही डोंगर होतो. पंप पाण्याऐवजी फेस ओढतो, जोर जातो. बाहेर सांडलेलं पाणी तळाच्या ट्रेमध्ये साचलं की मशीन स्वतःच थांबतं. मशीनची पावडर मुळात कमी फेसाची असते.

उपायही सांगितला. आधी बटण बंद. दार लगेच उघडायचं नाही, आत वाफ असते. निवल्यावर वाडग्याने फेस काढायचा, फडक्याने टिपायचा. तळाशी थोडं व्हिनेगर ओतायचं, फेस बसतो. मग भांडी आणि साबण न घालता नुसत्या पाण्यावर चालवायचं, फेस येईनासा होईपर्यंत. आमच्याकडे तीन वेळा लागलं. आणि मिठाच्या खणात साबण कधीच नाही; तो खण पाण्याचा जडपणा घालवण्यासाठी असतो, तिथे साबण गेला तर खर्च मोठा.

हे झालं मशीनचं. पण मेकॅनिक खाली वॉचमनशी बोलला आणि 'बाईंनी मशीन बिघडवलं' ही बातमी विंगभर गेली. दोन घरांनी मावशींना, आमच्या मशीनला हात लावू नका, असं बजावलं. मला हे हिच्याकडून कळलं. पस्तीस वर्षं कॅश सांभाळली, स्वतःची शॉर्टेज दुसऱ्याच्या नावावर कधी टाकली नव्हती.

मी मावशींची माफी मागितली. त्या म्हणाल्या, "मला ठाऊक होतं काका. बाटलीचं झाकण उघडं होतं, मी नेहमी लावून ठेवते. पण घरात सांगून काय उपयोग? बोलबाला तर बाहेर झाला."

बरोबर आहे. चुकीची एंट्री ज्या लेजरला पडली, तिथेच ती उलटवावी लागते. मावशी आज मागच्या रांगेत बसल्या आहेत. तर त्या दोन घरांनी, आणि बाकीच्यांनीही, ऐकावं: लिक्विड मी ओतलं होतं.

जेवणाची पानं मांडली आहेत असं खुणेने सांगतायत, थांबतो. नमस्कार.